आभाळातून उतरलेल्या पेटीला हात लावू नका

मंडळी, परवा एका ग्रुपवर शेतात पडलेल्या पॅराशूटचा व्हिडिओ आला. खाली मजकूर, 'शत्रूचं यंत्र, सावधान!' पत्रकार असूनही माझं बोट फॉरवर्डवर गेलंच होतं. थांबलो, म्हणून हे लिहितोय.

मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था हैदराबादहून मोठे फुगे सोडते. पातळ प्लास्टिकचे, हायड्रोजन भरलेले, 50 ते 85 मीटर व्यासाचे. 30 ते 42 किलोमीटर उंच जातात. वाऱ्याबरोबर महाराष्ट्रातही येतात. काम झालं की यंत्रं रंगीत पॅराशूटनं उतरतात.

याच फुग्यांखाली संस्थेनं 1 मीटर आरशाची दुर्बीणही टांगून पाठवली आहे. ताऱ्यांच्या जन्मस्थानांतून येणारे अवरक्त किरण हवेतली वाफ अडवते, म्हणून इतकं उंच जायचं.

आता सांगा, जत्रेतल्या पाळण्यात बसून कळसूबाईच्या शिखराचा फोटो नीट येईल का? दुर्बीण तर दोरावर लोंबकळते. झुलते, गिरकी घेते, वर मोटारींची थरथर. टेकायला जमीन नाही. मग अशा दुर्बिणीत जड चाक एकीकडे फिरवतात, की सांगाडा उलट दिशेला वळतो. जायरो हालचाल पकडतो, कॅमेरा ओळखीचा तारा धरून ठेवतो, चूक दिसली की मोटार लगेच सुधारते. रात्रभर हेच.

एवढं जपलेलं यंत्र शेवटी कुणाच्या तरी बांधावर येतं. 2023 मध्ये न्यूझीलंडहून सोडलेली 'सुपरबिट' दुर्बीण अर्जेंटिनात उतरताना फरफटून मोडली. पण माहितीच्या डब्या आधीच पॅराशूटनं खाली सोडल्या होत्या, म्हणून मेहनत वाचली. आपल्याकडे तीच डबी कुणी भंगारात घातली तर?

राजूरच्या रानात पेटी उतरेलच असं नाही, पण अफवा इथवर नक्की पोचते. म्हणून माझं म्हणणं साधं आहे. पेटी दिसली तर उघडू नका, ओढू नका. पोलीस ठाण्यात किंवा पोस्टात कळवा. कळवणाऱ्याला संस्था बक्षीस देते, छेडछाड केली तर नाही. फुगे सुटण्याआधी ही सूचना मराठीत प्रत्येक ग्रामपंचायतीच्या फलकावर आणि आश्रमशाळेत लागायला हवी. आणि आम्ही पत्रकारांनी एक फोन केल्याशिवाय 'गूढ वस्तू' छापू नये.

आपल्या गावचे सरपंच, पोलीस पाटील, गुरुजी यांना खाली टॅग करा. फॉरवर्ड करायचंच असेल तर हे करा.