काय काम होतं?

गेल्या हिवाळ्यातल्या एका रविवारी आम्ही अकरा जणी साताऱ्याहून सायकलवर निघालो. दोन अंगणवाडी सेविका, एक नर्स, तीन कॉलेजच्या मुली, चौघी बचत गटातल्या आणि मी. लिंबची बारा मोटेची विहीर बघायची, पाचवडला वाईच्या रस्त्याला लागायचं आणि मेणवलीच्या घाटावर डबे सोडायचे, एवढाच बेत. चाळीसेक किलोमीटर. परतताना सायकली टेम्पोत टाकल्या, त्याची लाज वाटली नाही. सायकलीही साध्याच. कुणी लेकीची शाळेची आणलेली, कुणी शेजाऱ्यांची, एकीने तर दूधवाल्याची.

पाचवडला चहाला थांबलो. टपरीवाले काका कौतुकाने म्हणाले, "ताई, रॅली कसली म्हणायची? पोलिओची का मतदानाची?" म्हटलं, "कसलीच नाही. फिरायला निघालोय." ते हसले. "ते झालं हो. पण काम काय होतं?"

संध्याकाळी घरोघरी हाच प्रश्न आमची वाट पाहत उभा होता. एकीच्या सासूबाईंनी ताट वाढता वाढता विचारलं, "एवढं काय काम होतं गं?" दुसरीच्या नवऱ्याने विचारलंही नाही, दोन दिवस बोलणंच टाकलं. आणि पुढच्या आठवड्यात आमच्याच संघटनेच्या बैठकीत एक ज्येष्ठ कार्यकर्ती म्हणाल्या, "अगं, पोटगीच्या केसेस पडून आहेत, पोरींची लग्नं सतराव्या वर्षी लागतायत, आणि तुम्हाला सायकलवरून विहिरी बघायला वेळ मिळतो? ही चैन आपल्याला परवडते का?"

मैत्रिणींनो, टपरीवाल्यांना मी हसून उत्तर दिलं. या बाईंना मात्र नीट उत्तर द्यायला हवं, कारण त्या आपल्या आहेत आणि त्यांचा प्रश्न प्रामाणिक आहे.

आधी माझीच कबुली देते. एम.एस.डब्ल्यू. झाल्यापासून मी कितीतरी प्रकल्पांचे प्रस्ताव लिहिले. त्यांत मुलींच्या सायकली असायच्याच. सायकल कशासाठी? शाळेसाठी, आरोग्य केंद्रात जाण्यासाठी, रोजगारासाठी. 'मुलीला वाऱ्यावर जावंसं वाटतं म्हणून' असं कारण मी एकदाही लिहिलं नाही. लिहिलं असतं तर पैसे मिळाले नसते हे खरं. पण लिहावं असं माझ्याही मनात आलं नव्हतं, हे जास्त खरं.

शाळेच्या सायकलीला मी नावं ठेवत नाही. बिहारमध्ये २००६ साली नववीच्या मुलींना सायकलीसाठी पैसे देणारी योजना सुरू झाली. तिचा अभ्यास झाला तेव्हा मुलींची माध्यमिक शाळेतली नोंदणी ३२ टक्क्यांनी वाढल्याचं आणि मुलगे-मुलींमधली तफावत ४० टक्क्यांनी घटल्याचं दिसलं. आपल्याकडेही मानव विकास कार्यक्रमातून आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकली मिळतात. चांगलंच आहे. माझा प्रश्न बारावीनंतरचा आहे. शाळा संपते त्या दिवशी सायकल कुठे जाते? मी ज्या वस्त्यांवर काम करते तिथे ती भावाकडे जाते, नाहीतर वडिलांच्या दूध घालण्याच्या कामी लागते. मुलीला सायकल मिळाली होती ती फेरीच्या परवान्यासारखी: घर ते शाळा, शाळा ते घर. मुदत संपली, परवाना रद्द. आमच्या अकरा जणींपैकी सहा जणी लग्नानंतर पहिल्यांदाच पायडल मारत होत्या. त्यातल्या एकीने तर बावीस वर्षांनी.

आता तुम्ही म्हणाल, त्या विहिरीत असं काय आहे? लिंबची विहीर विरूबाई भोसले यांनी बांधून घेतली, शके १६४१ ते १६४६ या काळात, म्हणजे इ.स. १७१९ ते १७२४. एकाच वेळी बारा मोटा चालाव्यात एवढा तिचा विस्तार. जिन्याने खाली उतरलं की कोरीव खांबांचा एक छोटा महालच विहिरीवर बांधलेला दिसतो. बाईने उभं केलेलं एवढं मोठं काम आपल्या जिल्ह्यात, सोळा-सतरा किलोमीटरवर आहे. आमच्यातल्या आठ जणींनी ते कधी पाहिलं नव्हतं. त्यांच्या नवऱ्यांनी पाहिलं होतं, मुलांनी सहलीत पाहिलं होतं. विरूबाईंच्या विहिरीवर जायला बायकांनाच काही काम निघालं नव्हतं.

पुढे पाचवड ते वाई हा रस्ता ऊस आणि हळदीच्या रानांतून जातो. आधी वैराटगड दिसतो, मग पांडवगड. रस्ता फार अवघड नाही. चढ येतो, दम लागतो, उतार येतो आणि अंगातून वारा जातो. बावीस वर्षांनी सायकल हाती घेतलेली ती ताई एका उतारावर मोठ्याने ओरडली. आम्ही घाबरून थांबलो, पडली की काय! ती म्हणाली, "काही नाही गं, बरं वाटलं." पोटगीच्या कुठल्या फॉर्ममध्ये या रकान्याची सोय आहे?

मेणवलीला नाना फडणविसांचा वाडा आणि कृष्णेचा घाट. चिमाजीअप्पांच्या १७३९ च्या वसई मोहिमेनंतर तिथली म्हणून आणलेली चर्चची घंटा अजून घाटावर टांगलेली आहे. घाटावर बाहेरून आलेले पुरुष फोटो काढत होते आणि गावातल्या बायका धुणं धुत होत्या. त्याच पायऱ्या. एकाला प्रेक्षणीय स्थळ, दुसरीला धुण्याचा दगड. धुणाऱ्या एकीने विचारलं, "कुठून आलात?" सांगितलं. तिने पिळा तसाच हातात धरून आमच्या सायकलींकडे पाहिलं आणि म्हणाली, "मला नुसती इथून वाईपर्यंत जायची तरी मुभा मिळाली तर!" वाई तिथून तीन किलोमीटर आहे.

याच रस्त्यांवर रविवारी शहरातले पुरुष लाखाच्या सायकली घेऊन टोळक्याने येतात. एका क्लबच्या चालकांना मी विचारलं, तुमच्यात बायका इतक्या कमी का? ते म्हणाले, "आमच्याकडे बंदी थोडीच आहे! नियम सगळ्यांना सारखे." सारखेच आहेत. लांब पल्ल्याच्या सायकलिंगमध्ये २०० किलोमीटरला साडेतेरा तास मिळतात, बाईलाही आणि पुरुषालाही. फक्त पुरुष पहाटे पाचला उठून थेट सायकलवर बसतो. बाई साडेतीनला उठते, डबे करते, पाणी भरते, सासऱ्यांची औषधं काढून ठेवते आणि मग पाचला पोचते. वाटेत त्याला कुठलंही झाड चालतं, तिला मात्र दार असलेलं, कुलूप नसलेलं स्वच्छतागृह शोधावं लागतं. म्हणून ती सकाळपासून पाणीच पीत नाही आणि उन्हात चक्कर येऊन पडली की सगळे म्हणतात, बायकांना झेपत नाही.

हे 'झेपत नाही' फार जुनं आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंड-अमेरिकेत बायका सायकल चालवू लागल्या तेव्हा तिथल्या डॉक्टरांनी 'सायकल-चेहरा' नावाचा आजारच शोधून काढला होता. आमच्याकडे अजून सांगतात, पिशवी सरकते. डोक्यावर दोन हंडे घेऊन चढ चढताना ती सरकत नाही, हे विशेष!

आता आमच्या ज्येष्ठ मैत्रिणीचं उत्तर. तामिळनाडूतल्या पुदुक्कोट्टई जिल्ह्यात १९९० नंतरच्या साक्षरता मोहिमेत जिल्हाधिकारी शीला राणी चुंकत यांनी बायकांना सायकल शिकवण्याचा कार्यक्रम जोडून घेतला. शेतमजूर, खाणीत दगड फोडणाऱ्या, अंगणवाडीतल्या बायका हजारोंनी शिकल्या. पुरुषांनी घाणेरडे शेरे मारले, तरी शिकल्या. पी. साईनाथ यांनी तिथे जाऊन लिहिलं, त्यात या बायका पाणी आणि माल वाहण्याच्या सोयीबरोबर स्वतःच्या हिमतीबद्दल बोलतात. कुणाला न विचारता, बससाठी आणि नवऱ्यासाठी न थांबता निघता येणं, हे त्यांना महत्त्वाचं वाटलं. ज्या बाईला विनाकारण घराबाहेर पडता येत नाही, ती मार खाल्लेल्या रात्री कारण असूनही बाहेर पडू शकत नाही. आपल्या केंद्रावर येणाऱ्या बायकांना विचारा, पहिल्यांदा यायला किती वर्षं लागली आणि घरी काय काम सांगून आल्या.

सावित्रीबाई आपल्याच जिल्ह्यातल्या, नायगावच्या. पुण्यात शाळेत शिकवायला निघाल्या की लोक त्यांच्यावर शेण-चिखल फेकत, म्हणून त्या जास्तीचं लुगडं बरोबर नेत. त्यांनी बाईसाठी शाळेचा रस्ता मोकळा केला. कामाशिवायचा रस्ता मोकळा करायचं आपल्याकडे राहिलं आहे. तो मोकळा नसेल तर कामाचा रस्ताही घरच्यांच्या मर्जीवरच राहतो.

तेव्हा मागण्या साध्या आहेत. योजनेतली सायकल मुलीच्या नावावर राहावी आणि लग्नात तिच्याबरोबर जावी. प्रत्येक ऐतिहासिक स्थळी बायकांचं स्वच्छतागृह असावं आणि ते उघडं असावं. आपल्या प्रत्येक केंद्रावर चार सायकली ठेवाव्यात, कुणालाही कारण न विचारता द्याव्यात, वहीत 'प्रयोजन' हा रकानाच नको. आणि महिन्यातला एक रविवार घरच्या पुरुषांनी चूल सांभाळावी.

पुढच्या महिन्यात आम्ही पुन्हा निघतोय, या वेळी मेणवलीहून पुढे धोमला. त्या धुणाऱ्या बाईंना निरोप धाडला आहे, एक सायकल जास्तीची आणतोय म्हणून. तुम्हीही या. कुणी विचारलं, काय काम होतं, तर सांगा, काही नाही.