एकट्याने फिरणं हा चैनीचा नव्हे, हक्काचा प्रश्न!

"एकट्याने भटकणं हा पोट भरलेल्यांचा शौक," असं आपल्यातलेच काही कार्यकर्ते म्हणतात. मला ते पटत नाही. १९०१ साली मसूर स्टेशनवर उतरलेल्या लहानग्या भीमरावाला आणि भावंडांना जात कळताच एकही गाडीवान नेईना. दुप्पट भाडं देऊन बैलगाडी स्वतः हाकावी लागली, वाटेत पाणी मिळालं नाही. म्हणूनच संविधानाच्या कलम १५ने हॉटेलं, पाणवठे, रस्ते सर्वांना खुले केले. कलम १९ने देशभर संचाराचा हक्क दिला.

हक्क वापरला तरच टिकतो. तरुणांनो, तरुणींनो, एसटीने कोकण किनारा फिरा. श्रीवर्धन, हरिहरेश्वर पाहा. बागमांडल्याहून फेरीबोटीने खाडी ओलांडून वेळास, केळशी, दापोली गाठा. ही खाडी सावित्री नदीची. तिच्याच काठच्या महाडला २० मार्च १९२७ रोजी चवदार तळ्याचं पाणी आपण प्यालो. पलीकडे मंडणगड तालुक्यात बाबासाहेबांचं मूळगाव आंबडवे आहे. पर्यटनाच्या किती जाहिरातींत ही नावं दिसतात?

मुक्कामाच्या ठिकाणी आडनाव विचारलं तर ताठ मानेने सांगा. जातीवरून खोली नाकारली तर गप्प परतू नका. नागरी हक्क संरक्षण कायदा, १९५५ खाली तो गुन्हा आहे. तक्रार करा आणि पुढची एसटी पकडा!

जय भीम!