पेट्रोलमधल्या पाण्याची नोंद फलकावर लिहा

जुनी गाडी बाळगणाऱ्याला एक उत्तर कायम ऐकावे लागते. गाडी सकाळी चालू होत नाही, ॲव्हरेज देत नाही, घाटात आचके देते, काहीही सांगा, समोरचा इंजिनकडे न बघताच म्हणतो, "जुनी झाली हो, काढून टाका आता." बऱ्याचदा ते खरेही असते. पण पेट्रोलबरोबर टाकीत पाणी आले, तर त्यात गाडीच्या वयाचा काय दोष?

आमची मारुती ओम्नी १९९८ सालची, कार्बोरेटरवाली. दर पाच वर्षांनी आरटीओत नेऊन फेरनोंदणी करून घेतो. विमा, पीयूसी सगळे वेळच्या वेळी. मागची सीट पाडून वर फळ्या आणि गादी टाकली की आम्हा दोघांची झोपायची सोय होते. एक स्टोव्ह, पाण्याचा कॅन आणि ह्यांची औषधांची पिशवी एवढ्या सामानावर आम्ही निवृत्तीनंतर कोकण पालथे घालतो आहोत.

गेल्या पावसाळ्यात तळकोकणातल्या एका पंपावर टाकी फुल्ल केली आणि मालवणकडे निघालो. थोडे अंतर जाताच गाडी मिसिंग मारू लागली, मग आचके देत बंदच पडली. ओम्नीचे इंजिन पुढच्या सीटखाली. मेकॅनिकने सीट उचलली, कार्बोरेटरचे चेंबर उघडले आणि म्हणाला, "वहिनी, हे बघा." पेट्रोलच्या तळाशी पाऱ्यासारखे गोळे इकडून तिकडे पळत होते. त्याने लाइन सोडवून टाकीतले पेट्रोल काढायला घेतले, तेव्हा मी कोकम सरबताची रिकामी काचेची बाटली पुढे केली. कनिष्ठ महाविद्यालयात आयुष्यभर रसायनशास्त्र शिकवले आहे. दोन द्रव एकत्र दिसले की ते स्थिर होईपर्यंत हात आवरायचा, ही सवय अंगात मुरलेली. काही मिनिटांत बाटलीत दोन थर झाले. वर पेट्रोल, खाली गढूळ थर, मध्ये रेघ मारल्यासारखी स्पष्ट सीमा.

ती बाटली घेऊन पंपावर गेलो. व्यवस्थापक सभ्य होता. चहा विचारला. मग बाटलीकडे बघत म्हणाला, "मॅडम, गाडी जुनी आहे, टाकीच्या झाकणातून पाणी गेले असेल." झाकणाचे रबर आम्ही त्याच वर्षी बदलले होते, पण ते सिद्ध कसे करणार? आणि पाणी पंपाच्या टाकीतून आले, हे तरी कसे सिद्ध करणार?

अशा वेळी लोक लगेच पेट्रोलमध्ये मिसळलेल्या इथेनॉलला शिव्या घालतात. माझ्या माहेरी ऊस आहे. इथेनॉलचा पैसा कारखान्याकडे आला की उसाचे बिल वेळेवर निघायला मदत होते, हे मी पाहिले आहे. त्यामुळे थोडे रसायनशास्त्र सांगते. साध्या पेट्रोलमध्ये पाणी जवळपास विरघळतच नाही, ते सरळ तळाशी बसते. इथेनॉलला मात्र पाणी प्रिय. दहा टक्के इथेनॉल असलेले पेट्रोल लिटरमागे साधारण पाच मिलिलिटर पाणी पोटात घेते. वीस टक्क्यांचे त्याहून जास्त. मर्यादा ओलांडली की इथेनॉल पेट्रोलची साथ सोडते आणि पाण्याबरोबर खाली उतरते. मग खालचा थर जळत नाही आणि वरच्या पेट्रोलचा ऑक्टेनही उतरतो. गाडीला पेट्रोल मिळते ते टाकीच्या तळातून, म्हणजे नेमका तोच थर आधी इंजिनात जातो. हवेतल्या दमटपणाने एवढे पाणी चार-आठ दिवसांत जमत नाही. ते येते जमिनीखालच्या टाकीच्या सैल झाकणातून, झिरपणाऱ्या चेंबरमधून, पावसाच्या लोंढ्यातून. इथेनॉल निष्काळजीपणाची किंमत वाढवते. निष्काळजीपणा माणसांचाच.

तो नव्या गाडीलाही सोडत नाही. जून २०२५ मध्ये मध्य प्रदेशच्या मुख्यमंत्र्यांच्या ताफ्यातल्या १९ गाड्या रतलामजवळ डिझेलमधल्या पाण्याने बंद पडल्या. पंपाला तातडीने सील लागले. त्या गाड्या जुन्या आहेत, असे तिथे कोणी म्हटले नाही.

ग्राहकाला पंपावर हक्क आहेत, हे मान्य. फिल्टर पेपर मागता येतो, घनता तपासायला सांगता येते, पाच लिटरच्या मापाने मोजून घेता येते. पण हे सगळे भरण्याआधी मागायचे. मागे रिक्षा हॉर्न मारताहेत, वरून पाऊस कोसळतो आहे, अशा वेळी फिल्टर पेपर मागणारा ग्राहक मला अजून दिसायचा आहे. पाण्याचा पत्ता तर पुढच्या वळणावर लागतो.

वास्तविक पाण्याची तपासणी पंपावर रोज होते, निदान व्हायला हवी. दांड्याला पाणी ओळखणारी पेस्ट लावून तो टाकीत सोडतात. जिथवर पाणी, तिथवर पेस्टचा रंग बदलतो. इथेनॉलमिश्रित पेट्रोलला त्यासाठी वेगळी पेस्ट लागते. ही नोंद वहीत जाते आणि वही कार्यालयात राहते. घनता मात्र ग्राहकाला दिसेल अशी लिहिलेली असते. माझी मागणी एवढीच : घनतेच्या शेजारी पाण्याचाही आकडा लिहा. तारीख, वेळ, टाकीत किती मिलिमीटर पाणी. पावसाळ्यात दिवसातून दोनदा. आणि तक्रार आली की त्याच क्षणी नळीतून नमुना घेऊन, दोघांच्या सह्यांनी सील करून, एक बाटली ग्राहकाच्या हातात द्या.

पंपमालक म्हणतील, आम्हीच नेहमी चोर का? नाहीच. पाणी शिरले तर त्यांचाही माल वाया जातो, आणि स्वतःच्या गाडीतले पाणी पंपाच्या माथी मारणारे ग्राहकही असतात. प्रामाणिक पंपाला तर या नोंदीचा फायदाच. आज दोघांकडेही पुरावा नसतो, आणि त्यात हरतो तो रस्त्यात अडकलेला.

जुन्या गाड्यांचा विचार सरकारने केलाच नव्हता, असेही नाही. नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यात जुन्या वाहनांसाठी दहा टक्के मिश्रणाचे पेट्रोल उपलब्ध ठेवावे, असे सुचवले होते. बहुतेक पंपांवर आज निवड उरलेली नाही. इथेनॉलविरहित पेट्रोलचा पर्याय मागणारी याचिका सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२५ मध्ये फेटाळली. तो वाद चालू राहील. पाणीविरहित पेट्रोल मागण्यात मात्र वादाचे काही नाही.

तोवर वाचकांसाठी काही गोष्टी. पेट्रोल भरले की पावती घ्याच. गाडीने आचके दिले तर पुन्हा पुन्हा स्टार्टर मारू नका. काचेच्या बाटलीत नमुना घ्या, काढलेले पेट्रोल गटारात ओतू नका, तोंडाने नळी ओढू नका. मेकॅनिककडून लेखी घ्या आणि त्याच दिवशी तेल कंपनीकडे तक्रार नोंदवा. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५. जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत जाता येते, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्कही नाही.

पण एवढी यातायात ग्राहकानेच का करावी? तपासणीची पद्धत आहे, वही आहे, फलकही टांगलेला आहे. त्यावर आणखी एक ओळ लिहायला नवा कायदा लागत नाही. तेल कंपन्यांनी एक परिपत्रक काढावे आणि येत्या पावसाळ्याआधी काढावे.