दुनळी घेणे आणि दुनळी सांभाळणे : परवाना कुणाला, मैदान कुणाचे?

मैदानावर जात नसते, असे आपल्याला शाळेपासून ऐकवले जाते. कबड्डी किंवा कुस्तीबद्दल कुणी असे म्हटले तर निदान वाद तरी घालता येतो. पण शॉटगनच्या नेमबाजीबद्दल म्हटले तर वादाचाही प्रश्न येत नाही, कारण आपल्या वस्तीतल्या बहुतेकांनी ती रेंज बाहेरूनसुद्धा पाहिलेली नसते. रायफल आणि पिस्तूल आता आपल्या पोरांना ठाऊक आहेत. ट्रॅप आणि स्कीट मात्र अजून परक्याच्या अंगणातले खेळ आहेत. बारा बोरची, एकावर एक नळ्या असलेली बंदूक, हवेत भिरकावलेली अकरा सेंटिमीटरची तबकडी, आणि ती फोडायला सेकंदभराचाही अवधी नाही, असा हा खेळ. तबकडीला 'क्ले' म्हणतात, पण आता ती डांबर आणि चुनखडीची असते.

हा खेळ परका का, याचे उत्तर त्याच्या जन्मात आहे. शॉटगन हे मुळात शिकारीचे हत्यार. संस्थानिक आणि इंग्रज साहेब मचाणावर बसत आणि रान उठवायला, हाका घालायला आदिवासी आणि गावकुसाबाहेरची माणसे जुंपली जात. जनावर उलटले तर पहिला बळी हाकेवाल्याचा, आणि फोटोत मात्र बंदूकवाला. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार संपवली. बंदुका मात्र ज्यांच्या घरात होत्या त्यांच्याच घरात राहिल्या. भारताला या खेळात पहिले मोठे नाव मिळवून दिले ते बिकानेरचे महाराजा करणी सिंग यांनी, १९६२ च्या जागतिक स्पर्धेतल्या रौप्यपदकाने. १९७८ च्या आशियाई स्पर्धेत ट्रॅपचे सुवर्ण जिंकले ते पतियाळा राजघराण्यातल्या रणधीर सिंग यांनी. त्यांचे कर्तृत्व आम्ही नाकारत नाही. पण ज्या घरात बंदूक, काडतुसे, नोकर आणि मोकळे रान पिढ्यान्‌पिढ्या होते, त्या घरातून नेमबाज निघाला यात नवल ते काय? समाजशास्त्रात बोर्द्यू याला सांस्कृतिक भांडवल म्हणतो. आमची आजी याला 'आयतं' म्हणायची.

बाबासाहेबांनी १९३६ च्या 'अॅनिहिलेशन ऑफ कास्ट'मध्ये हेच विचारले होते की इथला खालचा वर्ग इतकी शतके उठला का नाही? चातुर्वर्ण्याने त्याच्या हातातून शस्त्र काढून घेतले, हे त्यांनी दिलेल्या कारणांपैकी एक होते. ज्या महारांनी कोरेगावला लढाई केली, त्यांचीच लष्करभरती इंग्रजांनी १८९० च्या दशकात थांबवली आणि १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगावला महार रेजिमेंट उभी राहीपर्यंत समाजाला त्यासाठी अर्ज-विनंत्या आणि लढे करावे लागले. म्हणून बंदुकीचा विषय निघाला की आपल्याला तो फक्त खेळाचा वाटत नाही. वाटूही नये.

आता गंमत पाहा. कायद्याच्या कागदावर शॉटगन हीच सामान्य नागरिकाला सर्वांत जवळची बंदूक आहे. १९५९ च्या शस्त्र कायद्याचे कलम १३ सांगते की वीस इंचांपेक्षा कमी नसलेल्या गुळगुळीत नळीच्या बंदुकीचा परवाना संरक्षणासाठी किंवा खेळासाठी मागणाऱ्या नागरिकाला द्यायचा आहे. अपात्र ठरवायची कारणे वेगळी दिली आहेत. आणि कलम १४ चे दुसरे उपकलम तर स्पष्टच आहे : अर्जदाराकडे पुरेशी मालमत्ता नाही, एवढ्याच कारणावरून परवाना नाकारता येणार नाही. हे उपकलम आपल्या किती कार्यकर्त्यांनी वाचले आहे?

आमच्या तालुक्यातल्या एका बौद्ध तरुणाच्या अर्जाच्या वेळी आम्हाला ते पाठ करावे लागले. वडील एसटी आगारात मेकॅनिक, आई आशा सेविका. पोरगा एनसीसीतून नेमबाजीत आला आणि दुसऱ्याच्या बंदुकीवर ट्रॅप शिकला. चौकशीला आलेल्याचा पहिला प्रश्न होता, "जमीन किती?" दुसरा, "शेतच नाही तर राखण कशाची करणार?" अर्जावर 'खेळासाठी' असे ठळक लिहिले होते. प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र आणि क्लबचे पत्र जोडले होते. तरी प्रश्न जमिनीचाच. गावात ज्यांच्या ओसरीवर दोन-दोन परवाने आहेत, त्यांना कुणी विचारले असेल का की कोणत्या स्पर्धेत उतरता म्हणून? फाइल चौदा महिने फिरली. शेवटी कलम १४ चा उल्लेख करून लेखी कारण मागितले, तेव्हा ती हलली.

परवाना आला, पतसंस्थेचे कर्ज आणि समाजातल्या नोकरदारांची वर्गणी यांतून नवी बंदूकही आली. (आयातीच्या सवलतीला गुण लागतात आणि गुण मिळवायला बंदूक लागते. हे कोडे ज्याच्या बापाकडे बंदूक आहे त्याला कधी पडत नाही.) लोकांना वाटले, झाले काम. खरा खर्च तिथून पुढे सुरू होतो आणि याबद्दल कुणी बोलत नाही.

ट्रॅपचा एक राउंड पंचवीस तबकड्यांचा. मोठ्या स्पर्धेच्या पात्रता फेरीत १२५ तबकड्या असतात आणि प्रत्येकीवर दोन बार टाकायची मुभा असते. म्हणजे एका स्पर्धेत अडीचशे काडतुसांपर्यंत मजल जाऊ शकते. सराव त्याच्या कितीतरी पट. प्रत्येक काडतूस एकदाच उडते, तबकडी एकदाच फुटते, आणि राउंडची फी वेगळी. एअर रायफलचा छर्रा आणि बारा बोरचे काडतूस यांच्या किमतीतले अंतर हेच या दोन खेळांतले सामाजिक अंतर आहे.

मग सांभाळणे. नव्या बंदुकीची बिजागरी घट्ट असते. ती आपटून बंद करायची नाही, लिव्हर धरून अलगद मिटायची. सराव संपला की गजाला पितळी तारेचा ब्रश लावून दोन्ही नळ्या काडतूस भरायच्या बाजूने साफ करायच्या, कारण शिसे आणि प्लास्टिकचा थर आत धरतो. मग कोरडी चिंधी आणि शेवटी तेलाचा नुसता हात. तेल जास्त झाले आणि बंदूक उभी ठेवली तर ते उतरून दस्त्याच्या लाकडात मुरते आणि लाकूड मऊ पडते. बिजागरीच्या खुंट्यांना ग्रीसचा ठिपका. चोक काढून त्यांचे आटे पुसायचे, नाहीतर ते तिथेच जाम होतात. घामाच्या बोटांचे ठसे रात्रभर राहिले तर सकाळी नळीवर तांबूस डाग दिसतो. पावसाळ्यात बंदूक पेटीच्या अस्तरात ठेवायची नाही, अस्तर ओल धरते. या पोराच्या घरी हे सगळे वडील करतात, आगारातून आल्यावर, हात धुऊन. ग्रीस किती लावायचे हे त्यांना कुणी शिकवावे लागले नाही. हे ज्ञान आपल्या समाजाकडे भरपूर आहे. फक्त ते दुसऱ्याच्या यंत्रांवर वापरले गेले.

पण दोन खोल्यांच्या घरात कुलूपबंद लोखंडी कपाट कुठे ठेवणार? भाड्याचे घर असेल तर घरमालक काय म्हणेल? आणि निवडणूक आली की ठाण्यातून निरोप येतो, बंदूक जमा करा. राष्ट्रीय रायफल संघटनेचे सदस्य असलेल्या, स्पर्धेत उतरणाऱ्या खेळाडूंना यातून सूट देण्याची तरतूद निवडणूक आयोगाच्या सूचनांतच आहे. ती या पोराला सांगितली गेली नाही. दोन महिने बंदूक ओलसर खोलीत पडून राहिली आणि परत आली ती डाग घेऊन. कर्जाचा हप्ता मात्र त्या दोन महिन्यांतही गेला.

आपल्यातलेच काही जण विचारतात, पंचशील घेतलेल्याने बंदूक कशी धरायची? प्रश्न प्रामाणिक आहे, तो हसण्यावारी नेऊ नये. तथागतांनी उपासकाला शस्त्रांचा व्यापार वर्ज्य सांगितला आणि प्राणिहत्येपासून दूर राहायला सांगितले. डांबराची तबकडी प्राणी नाही आणि खेळ हा व्यापार नाही. शिवाय बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म'मध्ये मारण्याची इच्छा आणि मारण्याची गरज यांत फरक केला आहे, तो वाचावा. आम्ही सूड उगवायला बंदुका मागत नाही. संरक्षणाचा प्रश्न वेगळा आहे आणि त्यासाठी अत्याचार प्रतिबंधक कायद्याच्या १९९५ च्या नियमांत नियम ३ आहेच. गरज असेल तिथे अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना शस्त्र परवाने देण्याचे आणि अत्याचाराची शक्यता असलेल्या भागात इतरांचे परवाने रद्द करण्याचे कलम त्यात आहे. त्यावर स्वतंत्र लिहू.

'गुणवत्ता असेल तर कुणीही पुढे येतो' म्हणणारे लगेच स्वप्निल कुसाळेचे नाव घेतील. घ्यावेच. कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीचा, शिक्षकाचा मुलगा, रेल्वेत नोकरी, आणि पॅरिस २०२४ मध्ये ५० मीटर रायफलचे कांस्य. पण त्याच्या वाटेवर राज्याची क्रीडा प्रबोधिनी होती. गुणवत्तेला सार्वजनिक पैशाचा हात मिळाला की काय होते याचे ते उदाहरण आहे, हात न लागण्याचे नव्हे. शॉटगनसाठी तसा हात कुठे आहे? आमची मागणी साधी आहे. विभागवार एक सरकारी ट्रॅप रेंज, तिथल्या शस्त्रागारात खेळाडूंना वापरायला संस्थेच्या बंदुका, त्यांची देखभाल करणारा पगारी आर्मरर, आणि अनुसूचित जाती उपयोजनेतून काडतुसांचा खर्च. बंदूक घरात ठेवायची सक्तीच उरली नाही तर दोन खोल्यांचे घर आडवे येणार नाही.

तोवर जे अर्ज करत आहेत त्यांनी एवढे करावे. अर्जाची पोच घ्यावी. जमिनीचा प्रश्न आला तर कलम १४ (२) लेखी दाखवावे. नकार तोंडी ऐकून घरी येऊ नये, कारणांसह लेखी मागावा आणि कलम १८ खाली मुदतीत अपील करावे. कागद तपासून द्यायला आम्ही रविवारी विहारात असतो.