जोखीम कुणाची, हमीपत्र कुणाचं?

कॉटन ग्रीनला आमच्या गटाची बैठक होती. तिथल्याच एका मैत्रिणीची मुलगी परगावच्या विद्यापीठातल्या प्रवेशाचे कागद घेऊन आली. वसतिगृहाच्या फॉर्मच्या शेवटच्या पानावर हमीपत्र होतं : 'रात्री साडेनऊनंतर बाहेर राहिल्यास व काही अनुचित प्रकार घडल्यास संस्था जबाबदार राहणार नाही.' खाली मुलीची सही, वडिलांची सही. आईच्या सहीला जागाच नाही. मुलीने विचारलं, "मावशी, करू का सही?"

ज्या वस्तीत आम्ही बसलो होतो तिथे जोखीम म्हणजे काय हे वेगळं शिकवावं लागत नाही. कापसाच्या गोदामांची ही वस्ती. गाठ आत ठेवली की व्यापारी विमा उतरवणार. आग लागली तर नुकसान कुणाच्या खात्यावर पडायचं ते आधीच कागदावर ठरलेलं. १४ एप्रिल १९४४ ला व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टिकीन' या जहाजाने एकाच पोटात कापूस आणि दारूगोळा भरून आणला होता. दुपारी आग लागली, चारनंतर स्फोट झाले. शेकडो माणसं मेली, त्यात अग्निशामक दलाचे ६६ जण. आणि सरकारने आधी काय सांभाळलं? बातमी. युद्धाची सबब सांगून ती दाबून ठेवली.

राज्यकर्ते बदलले, ही खोड गेली नाही. आता तिला 'जोखीम व्यवस्थापन' असं भारदस्त नाव मिळालं आहे. राज्य सरकारही ते करतं, सार्वजनिक विद्यापीठंही करतात. दोघांच्या पद्धती वेगळ्या आहेत, म्हणून त्या शेजारी शेजारी ठेवून पाहायला हव्यात.

सरकारला पावसाची जोखीम कळते. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि त्याच वर्षी देशात आपत्ती व्यवस्थापन कायदा आला. जिल्हाधिकारी जिल्हा प्राधिकरणाचा प्रमुख ठरला, आराखडे लिहिले गेले. अपुरे का असेनात, पण मोर्चा नेऊन जाब विचारायला एक माणूस आणि एक कार्यालय आहे. बाईच्या बाबतीत मात्र सरकारला जाग येते ती पंचनाम्याच्या वेळी. जून २०२३ मध्ये चर्नी रोडच्या सावित्रीदेवी फुले वसतिगृहात अठरा वर्षांच्या विद्यार्थिनीवर बलात्कार करून तिचा खून झाला. हे वसतिगृह खुद्द सरकारचं. सुट्टीमुळे बहुतेक मुली गावी गेलेल्या, चौथ्या मजल्यावर ती एकटी. संशयित तिथेच काम करणारा माणूस. नंतर तो रेल्वेरुळावर मृत सापडला. मग समिती नेमली गेली, वसतिगृहांच्या सुरक्षेची चर्चा झाली. 'मनोधैर्य' योजना २०१३ पासून आहे, तिची गरजही आहे. पण ती घडून गेल्यावरची. रिकाम्या मजल्यावर एकट्या मुलीला झोपू द्यायचं की नाही, रखवालीला बाई का नाही, हे आधी विचारणं कुणाच्याच कामाच्या यादीत नव्हतं.

विद्यापीठ उलटं करतं. ते घडण्याआधीच हालचाल करतं, आणि ती हालचाल म्हणजे कुलूप. मुलीला साडेनऊला आत घेतलं की जोखीम संपली! चर्नी रोडची मुलगी आतच होती, हे मात्र कुणी लक्षात घेत नाही. आणि हे अज्ञानातून होतं असंही नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 'सक्षम' अहवालाने २०१३ मध्ये, आणि मग आयोगाच्या २०१५ च्या नियमांनी, सुरक्षिततेचं कारण पुढे करून मुलींच्या वसतिगृहांना मुलांपेक्षा वेगळे नियम लावू नका, असं स्पष्ट म्हटलं आहे. तक्रार विद्यार्थ्यांशी संबंधित असेल तर अंतर्गत समितीत विद्यार्थ्यांनी निवडून दिलेले तीन प्रतिनिधी असले पाहिजेत, असंही त्यात आहे. आपल्या जवळच्या महाविद्यालयात ही निवडणूक कधी झाली, एकदा विचारून पाहा.

स्वतःच्या कारभारातली जोखीम मात्र विद्यापीठ बिनदिक्कत घेतं. २०१७ मध्ये मुंबई विद्यापीठाने ऐन परीक्षांच्या तोंडावर उत्तरपत्रिका संगणकावर तपासण्याचा घाट घातला. निकाल जास्तीत जास्त ४५ दिवसांत लावण्याचं कायद्याचं बंधन होतं. ते महिनोन् महिने रखडले. ऑक्टोबरमध्ये कुलपतींनी कुलगुरूंना पदावरून दूर केलं. विद्यापीठ पुढे चालू लागलं. पण आपल्या वस्त्यांत निकाल लांबला की मुलाचं वर्ष जातं, मुलीचं शिक्षणच जातं. घरात तोवर स्थळं यायला लागलेली असतात. हे नुकसान कोणत्या अहवालात धरलं गेलं?

म्हणजे सरकार पंचनामा करतं आणि विद्यापीठ कुलूप लावतं. आमच्या मते त्यातल्या त्यात सरकार बरं, कारण त्याला निदान जाब विचारता येतो. विद्यापीठ 'आम्ही स्वायत्त' म्हणून हात वर करतं आणि पैशाचा प्रश्न आला की सरकारकडे बोट दाखवतं. दोघांच्याही वहीत जोखीम म्हणजे संस्थेवर येणारं बालंट. बाई ही त्या बालंटाचं कारण, एवढीच तिची नोंद.

'व्हाय लॉयटर?' (२०११) या मुंबईवरच्या पुस्तकात शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे यांनी म्हटलं होतं की बाईला संरक्षणापेक्षा जोखीम घेण्याचा हक्क हवा. तेव्हा आमच्यातल्याही काहीजणींना ते चैनीचं वाटलं होतं. कॉटन ग्रीन स्टेशनवरून रात्री पाळी करून परतणाऱ्या बाईला विचारा. ती जोखीम रोजच घेते, तिला दिवा हवा आहे. टोरांटोत १९८९ मध्ये बायकांनीच रात्री फिरून अंधाऱ्या जागांची नोंद करण्याची पद्धत बसवली. आपण गोदामांच्या रस्त्यावर ती करू शकतो. दहापेक्षा कमी माणसं असलेल्या गाळ्यात किंवा घरकामात छळ झाला तर २०१३ च्या कायद्याने जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाता येतं. मुंबई शहर जिल्ह्याच्या समितीचा पत्ता आपल्या किती शाखांच्या फळ्यावर लिहिलेला आहे, हाही प्रश्न आपण स्वतःला विचारू या.

मुलीने सही केली. प्रवेश घालवणं परवडणारं नव्हतं. पण सहीच्या वर तिने शाईने एक ओळ लिहिली : 'साडेनऊनंतर मी आत असताना काही घडलं तर जबाबदार कोण, ते लेखी कळवावे.' तिच्या आईने त्याखाली, जागा नव्हती तिथे, सही केली. पत्राची पोच आली आहे. उत्तर अजून आलेलं नाही.