सस्पेन्स खात्यातले मन

बँकेत मी सदतीस वर्षे काढली. १९८२ मध्ये कारकून म्हणून चिकटलो आणि २०१९ मध्ये एका शाखेचा मुख्य अधिकारी म्हणून बाहेर पडलो. या काळात तीन कादंबऱ्या लिहिल्या, म्हणून लोक मला लेखक म्हणतात. पण खरे सांगायचे तर माझ्या मनाला वळण लावले ते खतावणीने. त्या खतावणीत एक खाते असते, त्याचे नाव सस्पेन्स. एखादी रक्कम आली, पण ती कुणाची, कशाची, हे कळत नाही. संध्याकाळी मेळ तर जुळलाच पाहिजे. मग ती रक्कम तात्पुरती या खात्यात टाकायची आणि घरी जायचे. नोंद तिथे निमूटपणे बसून राहते. तपासनीस आला की पहिला हात त्याच खात्यात घालतो, कारण शाखेची खरी तब्येत त्याला तिथे कळते.

माणसाच्या मनातही असे एक खाते असते, हे कळायला मला सत्तावन्न वर्षे लागली.

८ नोव्हेंबर २०१६ च्या रात्री पाचशे आणि हजारच्या नोटा रद्द झाल्या. त्यानंतरचे पन्नास दिवस ज्यांनी बँकेच्या काउंटरमागून पाहिले, त्यांना ते वेगळे वर्णन करून सांगायला नको. सकाळी शटर वर जाण्यापूर्वी रांग कोपऱ्यापर्यंत गेलेली असायची आणि येणारी रोकड दुपारीच संपायची. एके दिवशी धोतर-टोपीतले एक वृद्ध गृहस्थ दोन तास उभे राहून खिडकीपाशी पोचले आणि नेमकी तेव्हाच रोकड संपली. मी हात जोडले. ते म्हणाले, "असू दे साहेब. तुमचं चालू द्या. मी उद्या येतो." ना तक्रार, ना शिवी. शिव्या मी रोज खात होतो, त्या पचत होत्या. हे मात्र पचले नाही. केबिनमध्ये जाऊन बसलो आणि हात थरथरायला लागले.

त्यानंतर झोप गेली. पहाटे तीनला डोळे उघडायचे आणि छताकडे बघत मी बेरजा करत राहायचो. जेवणाची चव गेली. वर्तमानपत्र हातात धरून एकच ओळ दहा वेळा वाचायचो. नवी कादंबरी अर्ध्यावर होती, ती उघडवेना. मित्र म्हणाले, "तू लेखक माणूस, मनाचं सगळं तुला कळतं. तुला कसलं डिप्रेशन?" दुसऱ्याच्या मनात शिरणे सोपे असते, त्याचे मानधनही मिळते. स्वतःच्या मनात शिरायला मात्र मी तयार नव्हतो.

शेवटी पत्नीने हट्टच धरला. आम्ही सांगलीला राहतो. ओळखीचे कुणी भेटू नये म्हणून मी मिरजेच्या मानसोपचारतज्ज्ञांकडे जायचे ठरवले. पहिल्याच दिवशी तिथल्या बाकावर आमच्याच गल्लीतले एक गृहस्थ बसलेले! ते का आले होते, हे मी विचारले नाही, आणि सांगली सोडून मिरजेला का, हे विचारायची गरजच नव्हती. दोघेही पंख्याकडे बघत बसलो. गोळ्या मी पित्ताच्या गोळ्यांच्या डबीत ठेवत असे. मधुमेहाची गोळी चारचौघांत मिरवत घेणारे आपण, मनाची गोळी मात्र लपवून घेतो.

डॉक्टर कमी बोलणारे होते. महिन्याभराने त्यांनी एक वाक्य सांगितले, ते मी वहीत उतरवून ठेवले आहे : "गोळी तुम्हाला उठवून बसवेल. उठल्यावर काय करायचं, ते तुम्हाला शोधावं लागेल." मग त्यांनी सुचवले, की रोज सकाळी पंधरा मिनिटे लिहा. कादंबरी नव्हे, छापण्यासाठी नव्हे. शुद्धलेखन बघू नका, पुन्हा वाचू नका.

या सल्ल्यामागे संशोधन आहे, हे मला नंतर समजले. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ जेम्स पेनेबेकर आणि त्यांच्या सहकारी सँड्रा बील यांनी १९८६ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. महाविद्यालयातील मुलांना लागोपाठ चार दिवस, रोज पंधरा मिनिटे लिहायला बसवले. काहींनी किरकोळ विषयांवर लिहिले, काहींनी आयुष्यातल्या जिव्हारी लागलेल्या घटनेवर. घटना आणि तिच्याविषयीच्या भावना दोन्ही लिहिणारी मुले लिहून उठल्यावर अधिकच खिन्न दिसली. पण पुढच्या काही महिन्यांत दवाखान्याची पायरी त्यांनी कमी वेळा चढली. पुढे असे प्रयोग शेकड्यांनी झाले. सर्वांनाच सारखा लाभ होतो असे नाही, आणि सरासरीने तो लहानच असतो, हेही त्यांतून दिसले. म्हणजे ही काही जादू नव्हे. तरीही पंधरा मिनिटे आणि एक वही यापलीकडे खर्च नसलेला दुसरा उपाय मला तरी माहीत नाही.

मी लिहू लागलो. पहिले आठ दिवस नुसती कुरकुर कागदावर उतरली. नवव्या दिवशी त्या धोतर-टोपीतल्या म्हाताऱ्याविषयी लिहायला घेतले आणि लिहिले गेले ते वडिलांविषयी.

३१ मार्च १९९८. बँकेची वर्षअखेर. दुपारी गावाहून फोन आला, की वडिलांना बरे वाटत नाही. मी म्हणालो, खाती बंद करून रात्री निघतो. वडिलांनी स्वतः फोन घेतला आणि म्हणाले, "असू दे रे. तुझं काम आटप. उद्या ये." मेळ जुळायला रात्रीचे दोन वाजले. सकाळी पोचलो तेव्हा ते गेलेले होते. सगळ्यांनी माझ्या कर्तव्यनिष्ठेचे कौतुक केले. पुढच्या वर्षी बढती मिळाली. मी रडलो नाही. ती नोंद कुठल्या खात्यावर घालायची तेच मला कळले नव्हते, म्हणून मी ती सस्पेन्सला टाकली आणि अठरा वर्षे व्यवस्थित मेळ जुळवत राहिलो.

आत्मशोध हा शब्द आपल्याकडे फार मोठा करून ठेवला आहे. त्यासाठी हिमालयात जावे लागते, निदान डोंगरावरच्या आठवडाभराच्या शिबिराला तरी, असा समज आहे. माझा अनुभव असा, की तो घरच्या टेबलावर, दोनशे पानी वहीत होतो, आणि होतो तेव्हा अजिबात भव्य वाटत नाही. जुनी अडकलेली नोंद सापडते, इतकेच.

नोंद सापडली की ती योग्य खात्यावर घालावी लागते. स्वतःवरचे प्रेम म्हणतात ते इथे लागते. या शब्दाचाही हल्ली बाजार झाला आहे. स्वतःवर प्रेम करा म्हणजे नवे घड्याळ घ्या, स्वतःला एक सहल भेट द्या, असे जाहिराती सांगतात. क्रिस्टीन नेफ या मानसशास्त्रज्ञ बाईंनी २००३ पासून या विषयावर बरेच काम केले आहे. त्यांच्या मांडणीत तीन गोष्टी येतात : स्वतःशी मायेने वागणे, आपले दुःख हे सगळ्या माणसांच्या दुःखांपैकीच एक आहे हे ओळखणे, आणि जे वाटते ते न दडपता, न फुगवता पाहणे. आपल्याकडे गीतेच्या सहाव्या अध्यायात माणूस स्वतःच स्वतःचा मित्र आणि स्वतःच स्वतःचा शत्रू असतो असे म्हटले आहे, ते यापासून फार दूर नाही. मी स्वतःला एक साधा प्रश्न विचारला : हीच चूक माझ्या शाखेतल्या एखाद्या तरुण अधिकाऱ्याकडून झाली असती, तर मी त्याला काय म्हणालो असतो? "तुला कसं कळणार होतं, बाळा?" असे म्हणालो असतो. ते वाक्य १९९८ मधल्या त्या अडतीस वर्षांच्या माणसाला सांगायला मला सहा महिने लागले. त्याने माझी चूक पुसली गेली नाही. जी होती तेवढीच राहिली, हे मात्र झाले.

आता सर्जनशीलतेविषयी. हा शब्द ऐकला की सर्वसामान्य माणूस दोन पावले मागे सरकतो, "आम्ही काय कलावंत आहोत?" म्हणून. पण आपल्याच आज्या-पणज्या पहाटे जात्यावर बसून ओव्या रचत होत्या. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांतून अशा एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. त्यांत भाऊ आहे, सासर आहे, सीता आहे, विठोबा आहे, आणि दिवसभर कुणापाशी बोलता येणार नाही असे बरेच काही आहे. बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हते. तरुण वयात वैधव्य आले. शेतात, घरात काम करता करता त्या रचत गेल्या. चिरंजीव सोपानदेवांनी आणि इतरांनी लिहून घेतले ते उरले. पुस्तक निघाले १९५२ मध्ये, त्या गेल्याच्या दुसऱ्या वर्षी. रसिकांची दाद मिळावी म्हणून ते रचलेले नव्हते. पिठाची गिरणी आली, जाते गेले, बायकांचे मरणाचे कष्ट गेले, हे फार चांगले झाले. पण त्या कष्टांबरोबर बोलायची जागाही गेली, आणि तिच्या बदली आपण काही दिले नाही.

दाद मागायला गेले की छंदाचे औषधी गुण कमी होतात, असे माझे मत आहे. आमच्या शाखेत एक हेड कॅशियर होते. अक्षर मोत्यासारखे. लेजरे गेली, संगणक आले, आणि त्या अक्षराला गिऱ्हाईक उरले नाही. निवृत्तीनंतर उदास होऊन बसायचे. मग त्यांनी ज्ञानेश्वरी हाताने लिहून काढायला घेतली. चेहरा बदलला. मुलाने कौतुकाने एका पानाचे छायाचित्र व्हॉट्सअॅपवर टाकले आणि झाले! जो तो विचारू लागला, "किती ओव्या झाल्या? कधी पूर्ण होणार?" त्यांना पुन्हा शाखेचे उद्दिष्ट गाठायचे असल्यासारखे वाटू लागले आणि त्यांनी वही मिटली. वर्षभराने पुन्हा उघडली, ती कुणालाही न सांगता. अनिल अवचट बासरी वाजवत, कागदाचे पक्षी करत, लाकूड कोरत. ज्यांनी पत्नीसह १९८६ मध्ये पुण्यात व्यसनमुक्तीचे मुक्तांगण उभे केले, रोज उद्ध्वस्त घरांच्या कहाण्या ऐकल्या, त्यांना या छंदांवर स्वतंत्र पुस्तक लिहावेसे वाटले, हे मला अर्थपूर्ण वाटते.

एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगतो. वही, बासरी, रांगोळी हे डॉक्टरांना पर्याय नव्हेत. दोन आठवडे झोप नाही, कशातच रस नाही, जगणे नको वाटते, असे असेल तर छंद शोधत बसू नका, डॉक्टर गाठा. गोळीशिवाय माझ्या हातात पेन राहिले नसते. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने आत्महत्येचा प्रयत्न करणाऱ्याला तीव्र ताणाखालचा माणूस मानले आहे, आणि विमा देताना मनाच्या आजाराला शरीराच्या आजारासारखेच वागवायला सांगितले आहे. ऑक्टोबर २०२२ पासून सरकारची टेलिमानस ही सेवा आहे. १४४१६ हा क्रमांक फिरवला की मराठीतही बोलता येते, पैसे पडत नाहीत. कायदा पुढे गेला. मागे राहिलो ते आपण, पित्ताच्या डबीत गोळ्या लपवणारे.

इथे लेख संपवला असता, पण पत्नीने कच्चा मसुदा वाचला. वाचून म्हणाली, "छान आहे. तुम्हाला स्वतःचा शोध लागला. पण रोज सकाळी त्या पंधरा मिनिटांत टेबलावर चहा कोण आणून ठेवत होतं, ते कुठं लिहिलंय?"

नव्हते लिहिले. मला सुचलेही नव्हते. मी निवृत्त झालो. ती कधी होणार, हा प्रश्न घरात कुणी विचारलाच नव्हता. लग्नाआधी ती पेटी शिकत होती, परीक्षा दिल्या होत्या. ती पेटी १९८६ पासून माळ्यावर होती. स्वतःचा शोध घ्या, छंद जोपासा, असे उपदेश आपण करतो, तेव्हा त्यासाठी लागणारा तास कुणाच्या तरी दिवसातून कापला जातो, हे सोयीस्करपणे विसरतो. मन सांभाळणे ही ज्याची त्याची खाजगी बाब आहे असे म्हणणे, हे ज्यांचा चहा आयता येतो त्यांनाच परवडते.

मी पेटी खाली काढली. भाता फाटलेला होता, दोन स्वर बोलत नव्हते. दुरुस्तीला मिरजेलाच न्यावी लागली. वाद्यांसाठी त्या गावासारखे दुसरे गाव नाही. पेटी मांडीवर घेऊन त्याच रस्त्याने गेलो, त्याच दवाखान्यावरून. या वेळी कुणी ओळखीचे भेटले असते तर चालले असते.

आता रोज चार ते पाच ती आतल्या खोलीत पेटी घेऊन बसते. दार बंद असते. दारावरची बेल, फोन, दूधवाला, सगळे माझ्याकडे. पाच वाजता चहा मी करतो. तो तिला फारसा आवडत नाही, हे मला कपातल्या उरलेल्या चहावरून कळते. तिला विचारले पाहिजे, साखर कमी पडते की जास्त होते.