सिनेमातला सिंह कॉम्प्युटरचा झाला, मग रिस्क कुणाकडे गेली?

जून २०२५ मध्ये एक व्हिडिओ बहुतेक तुमच्याही फोनवर आला असेल. रात्रीची वेळ, रस्त्याच्या कडेला एक माणूस गाढ झोपलेला. तेवढ्यात एक सिंह शांतपणे येतो, त्याला हुंगतो आणि काहीही न करता निघून जातो. चित्र अगदी सीसीटीव्हीसारखं, आणि सोबत 'ही गुजरातमधली घटना आहे' असं कॅप्शन. पुढे फॅक्ट चेकमध्ये कळलं की हा व्हिडिओ एआयने बनवलेला होता.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये गुजरातच्याच भावनगर जिल्ह्यातून दुसरा व्हिडिओ आला. सिंह शिकार खातोय आणि एक तरुण मोबाईल समोर धरून, शूटिंग करत त्याच्या दिशेने चालत जातोय. सिंह खाणं सोडून गर्जना करत अंगावर येतो. लांब उभे असलेले लोक आरडाओरडा करतात, म्हणून तो तरुण कसाबसा वाचतो. हा व्हिडिओ खरा होता. नंतर वनविभागाने त्या तरुणाला अटक केली.

पहिला व्हिडिओ बघून दुसरा घडला, असं आम्हाला म्हणायचं नाहीये. पण दोन्हींच्या मागे एकच समज दिसते, की आपण शांत राहिलो तर सिंह काही करत नाही, थोडं जवळ जायला हरकत नाही. ही समज आपल्या डोक्यात आली कुठून? आपल्यापैकी बहुतेकांनी सिंह जंगलात नाही, स्क्रीनवरच पाहिलाय. म्हणून आधी स्क्रीनवरचा सिंह कसा बदलत गेला, ते समजून घेऊया.

सिंह खरा होता तेव्हा

हॉलिवूडच्या एमजीएम कंपनीचा लोगो आठवतोय? गोल चौकटीतून मान वळवून गर्जना करणारा सिंह. त्या चौकटीत वेळोवेळी वेगवेगळे सिंह बसले आणि ते सगळे खरे होते. १९२८ मध्ये जॅकी नावाच्या सिंहाची गर्जना पहिल्यांदा आवाजासकट ऐकू आली. १९५७ पासून जो सिंह दिसायचा तो लिओ. २०२१ मध्ये कंपनीने तो जुना शॉट काढला आणि त्या जागी कॉम्प्युटरवर बनवलेला सिंह बसवला. या एका लोगोत पडद्यावरच्या सिंहाचा जवळपास शंभर वर्षांचा प्रवास आहे.

मधल्या काळात खऱ्या सिंहांबरोबर सिनेमे कसे बनत होते, याचं सगळ्यात टोकाचं उदाहरण म्हणजे १९८१ चा 'रोअर'. अभिनेत्री टिपी हेड्रन आणि तिचा नवरा नोएल मार्शल यांनी सिंह, वाघ असे शंभराहून जास्त प्राणी सांभाळले आणि स्वतःच्या कुटुंबाला त्यांच्यामध्ये उभं करून शूटिंग केलं. शूटिंग अनेक वर्षं चाललं. टीममधले सत्तरहून जास्त लोक जखमी झाले. कॅमेरामन यान द बॉन्टच्या डोक्याची कातडी सोलली गेली आणि त्याला दोनशेहून जास्त टाके पडले. टिपीची मुलगी मेलनी ग्रिफिथच्या चेहऱ्यावर सर्जरी करावी लागली. गंमत म्हणजे, माणूस आणि हिंस्र प्राणी प्रेमाने एकत्र राहू शकतात, हेच सिनेमाला सांगायचं होतं! पुढे याच टिपी हेड्रनने सिंह-वाघांसाठी आसरा उभा केला आणि असे प्राणी खासगी लोकांनी पाळू नयेत, म्हणून अमेरिकेत कायदा व्हावा यासाठी प्रयत्न केले.

'रोअर'मध्ये निदान चूक उघड दिसते. त्याच्या पंधरा वर्षं आधी आलेल्या 'बॉर्न फ्री'ची गोष्ट जास्त गुंतागुंतीची आहे.

मिठीचा व्हिडिओ आणि त्यात न दिसलेली गोष्ट

'बॉर्न फ्री' आला १९६६ मध्ये. केनियातल्या जॉय आणि जॉर्ज अ‍ॅडमसन या जोडप्याने एल्सा नावाची सिंहीण छाव्यापासून वाढवली आणि मग जंगलात सोडली, त्या खऱ्या घटनेवर हा सिनेमा आहे. जगभर लोक रडले. शूटिंगसाठी अनेक खरे सिंह वापरले होते. काम संपल्यावर त्यातले बरेचसे प्राणिसंग्रहालयांत गेले. स्वातंत्र्याची गोष्ट सांगणारे सिंह पुन्हा पिंजऱ्यात! यामुळे अस्वस्थ झालेले सिनेमातले मुख्य कलाकार व्हर्जिनिया मॅकेना आणि बिल ट्रॅव्हर्स यांनी पुढे प्राण्यांसाठी काम सुरू केलं. आजचं बॉर्न फ्री फाउंडेशन त्यातूनच उभं राहिलं.

काही सिंह मात्र जॉर्ज अ‍ॅडमसनकडे आले. त्यातल्या एकाचं नाव होतं बॉय. जॉर्जने त्याला जंगलात राहायला शिकवण्याचा प्रयत्न केला. पुढे केनियातल्या कोरा इथल्या जॉर्जच्या कॅम्पमध्ये ख्रिश्चन नावाचा आणखी एक तरुण सिंह आला. हा ख्रिश्चन लंडनमध्ये, हॅरॉड्स नावाच्या मोठ्या दुकानातून विकत घेतला गेला होता. होय, १९६९ मध्ये तिथे सिंहाचा छावा विकत मिळत होता! विकत घेणारे दोन मित्र १९७१ मध्ये त्याला भेटायला कोराला गेले, तेव्हा ख्रिश्चन धावत आला आणि मागच्या पायांवर उभं राहून त्याने त्यांना मिठी मारली. हे शूट झालं होतं. जवळपास चाळीस वर्षांनी ती क्लिप यूट्यूबवर व्हायरल झाली आणि गाणं लावून आजही फिरत असते.

क्लिप शंभर टक्के खरी आहे. पण त्याच कॅम्पमध्ये, त्याच वर्षी आणखी एक गोष्ट घडली. बॉयने, म्हणजे माणसांमध्ये वावरलेल्या, सिनेमात काम केलेल्या सिंहाने, जॉर्जच्या एका सहकाऱ्याला ठार केलं. जॉर्जने ज्या सिंहाला वर्षानुवर्षं सांभाळलं होतं, त्याला स्वतःच्या हाताने गोळी घालावी लागली.

एक कॅम्प, एक वर्ष, दोन सिंह. एकाची मिठी आपल्या फोनवर पोहोचली, दुसऱ्याची गोष्ट पोहोचली नाही. यात बॉय 'वाईट' होता आणि ख्रिश्चन 'चांगला' होता, असं काही नाही. सिंह माणसाला ओळखू शकतो, त्याच्याशी जवळीकही दाखवू शकतो. पण त्या जवळिकीवर भरवसा ठेवता येत नाही, आणि भरवसा तुटला तर दुसरी संधी मिळत नाही. माणूस तर जातोच, बहुतेक वेळा सिंहही जातो.

कॉम्प्युटरचा सिंह बनतो कसा?

म्हणूनच सीजीआय आलं तेव्हा ते प्राण्यांसाठी खरंच चांगलं झालं. २०१९ चा 'द लायन किंग' बघताना अनेकांना वाटलं की खरेच सिंह शूट केलेत. प्रत्यक्षात सुरुवातीचा सूर्योदयाचा एक शॉट सोडला तर सगळा सिनेमा कॉम्प्युटरवर बनला होता. दिग्दर्शक जॉन फॅवरो आणि त्याची टीम व्हीआर हेडसेट घालून त्या खोट्या आफ्रिकेत फिरायची आणि कॅमेरा कुठे ठेवायचा ते ठरवायची. हिंदीत मुफासाला शाहरुख खानचा आणि टिमॉनला आपल्या श्रेयस तळपदेचा आवाज आहे, हे तुम्हाला माहीतच असेल.

असा सिंह थरांमध्ये बनतो. आधी आतला सांगाडा, ज्याला 'रिग' म्हणतात. त्यावर स्नायू, मग स्नायूंवर सरकणारी कातडी, मग आयाळीचा आणि अंगावरचा एकेक केस. त्यानंतर अ‍ॅनिमेटर खऱ्या सिंहांचे तासन्‌तास व्हिडिओ बघून पाऊल कसं पडतं, कान कधी वळतात, शेपटी कधी हलते, ते ठरवतो. शेवटी प्रकाश आणि रेंडरिंग.

यातली एक गोष्ट लक्षात ठेवा, कारण पुढे ती कामाला येणार आहे. इथे सिंह खोटा असला तरी त्याच्यामागे खऱ्या सिंहाचा अभ्यास केलेला माणूस बसलेला असतो. २०१९ च्या सिनेमावर एक टीका झाली की सिंहांच्या चेहऱ्यावर भावनाच दिसत नाहीत. पण खरा सिंह कुठे हसतो? टीमने सिंहाला सिंहासारखं ठेवलं, म्हणूनच ही तक्रार आली.

भारतात तर कायद्यानेही हेच वळण दिलं. १९९८ च्या केंद्राच्या अधिसूचनेने अस्वल, माकड, वाघ, बिबट्या आणि सिंह यांना शिकवून त्यांचे खेळ करायला बंदी घातली. २००१ मध्ये सुप्रीम कोर्टाने ती कायम ठेवली. सर्कशीतले सिंह त्यामुळेच गेले. सिनेमात कोणताही प्राणी वापरायचा तर अ‍ॅनिमल वेल्फेअर बोर्डाची परवानगी लागते. आपल्याकडच्या सिनेमात प्राण्याच्या सीनला कोपऱ्यात बारीक अक्षरांत 'सीजीआय' लिहिलेलं दिसतं, ते याच व्यवस्थेमुळे.

एआयचा सिंह वेगळा का आहे?

आता फोनवरच्या सिंहाकडे या. सीजीआय आणि एआय व्हिडिओ वरवर सारखेच वाटतात, दोन्ही खोटे. पण तीन मोठे फरक आहेत.

पहिला फरक अभ्यासाचा. एआय मॉडेल असंख्य व्हिडिओंमधले पॅटर्न शिकतं आणि तुमच्या वाक्याशी जुळणारं चित्र तयार करतं. 'सिंह झोपलेल्या माणसाला हुंगून निघून जातो' असं लिहिलं की तो तसंच करणार. खरा सिंह तिथे काय करेल, हा प्रश्न कुणी विचारतच नाही. म्हणजे सिंहाचं वागणं सिंहावरून नाही, लिहिणाऱ्याच्या इच्छेवरून ठरतं.

दुसरा फरक चौकटीचा. 'मुफासा' बघायला तुम्ही तिकीट काढता, सिंह बोलतो, गाणी म्हणतो. हा सिनेमा आहे, हे तुम्हाला पक्कं माहीत असतं. एआय क्लिप मात्र सीसीटीव्हीचा किंवा मोबाईल शूटिंगचा वेश घेऊन, बातमी म्हणून येते. कोपऱ्यात 'सीजीआय' लिहिलेलं नसतं. मूळ अपलोडवर लेबल असलं तरी व्हिडिओ डाउनलोड होऊन व्हॉट्सअ‍ॅपवर आला की ते गायब होतं. फेब्रुवारी २०२६ पासून आयटी नियमांत एआय कंटेंटला लेबल लावणं बंधनकारक झालंय, पण स्क्रीन रेकॉर्ड करून फॉरवर्ड करणाऱ्या काकांपर्यंत नियम पोहोचायला वेळ लागेल.

तिसरा फरक जागेचा, आणि हाच सगळ्यात महत्त्वाचा. खोट्या व्हिडिओतली जागा खरी असते. २०२५ च्या गणनेत गुजरातमध्ये ८९१ सिंह मोजले गेले. २०२० मध्ये ते ६७४ होते. यातले निम्म्याहून जास्त सिंह गीरच्या राष्ट्रीय उद्यान आणि अभयारण्याच्या बाहेर राहतात, अनेक तर शेतांजवळ आणि गावांजवळ. एप्रिल २०२५ मध्ये अमरेली जिल्ह्यात एका घराच्या स्वयंपाकघरात सिंह शिरला होता आणि तो व्हिडिओ खरा होता! म्हणजे तिथल्या माणसासाठी 'सिंह रस्त्यावर आला तर काय करायचं' हा रीलचा नाही, रोजच्या जगण्याचा प्रश्न आहे. अशा ठिकाणी 'सिंह हुंगून निघून जातो' हे खोटं शिकवणं धोक्याचं आहे.

आपल्याकडे सिंह नाहीत, पण प्रश्न तोच आहे. २०२५ च्या शेवटी पेंचच्या नावाने एक व्हिडिओ फिरला, ज्यात एक माणूस वाघाला कुरवाळत दारू पाजायला बघतो. तो एआयचा निघाला. त्याच सुमारास ब्रह्मपुरीत वाघाने माणसावर हल्ला केल्याची क्लिप फिरली, तीही बनावट. एका व्हिडिओने भीती घालवायची, दुसऱ्याने नसलेली भीती पसरवायची. विदर्भात जिथे खरोखर वाघाच्या हल्ल्यात माणसं जातात, तिथे दोन्ही गोष्टी महागात पडतात. खोट्या क्लिपमागे वनविभागाचे लोक धावले, की खऱ्या कॉलला उशीर होतो.

मग आपण काय करायचं?

प्राण्याचा व्हिडिओ फॉरवर्ड करण्याआधी एवढं बघा:

- व्हिडिओ किती सेकंदांचा आहे? एआय क्लिप बहुतेक वेळा फार छोट्या असतात. पुढे-मागे काहीच नसेल तर संशय घ्या.
- मागच्या पाट्या, गाड्यांचे नंबर, बोटं, पंजे नीट दिसतात का? अक्षरं वितळल्यासारखी असतील तर थांबा.
- गाव, तारीख आणि वनविभागाचं म्हणणं कुठे आहे का? फक्त 'गुजरात' किंवा 'विदर्भ' एवढंच असेल तर ती माहिती नाही.
- एक फ्रेम स्क्रीनशॉट करून गुगल लेन्सवर टाका. मूळ अपलोड सापडला तर त्याखालचं लेबल वाचा.

मात्र एआय दर महिन्याला सुधारतंय, त्यामुळे डोळ्यांवर पूर्ण विसंबू नका. प्राण्याच्या वागण्यावर लक्ष ठेवा. खरा सिंह चिडला की कान मागे दाबतो, डोकं खाली घेतो, शेपटी झटकतो आणि गुरगुरतो. हा त्याचा इशारा असतो. जो व्हिडिओ तुम्हाला सांगतो की असा इशारा येतच नाही, तो खरा असो वा खोटा, शिकण्यासारखा नाही. आणि कधी खरोखर समोरासमोर आलात, तर फोन खिशात ठेवा, पळू नका, पाठ फिरवू नका, नजर ठेवून हळूहळू मागे सरका आणि सुरक्षित झाल्यावर वनविभागाला कळवा.

शूटिंगच्या सेटवर आता ना सिंहाला पिंजरा, ना कॅमेरामनला टाके. टेक्नॉलॉजीने केलेलं हे खरंच मोठं काम आहे. पण सेटवर प्राणी हाताळणारे ट्रेनर असायचे, आणि तरीही 'रोअर' घडला. भावनगरमध्ये त्या तरुणाबरोबर यातलं कुणीच नव्हतं. होता तो फक्त चालू असलेला कॅमेरा.